घराण्यातून येणारा मधुमेह : लपवू नका, ओळखा!

मधुमेह हा आपल्या समाजात आता पाहुणा राहिलेला नाही. तो घरचाच झाला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचे दाखवून दिले. पंगतीत जिलबी नाकारणारी व्यक्ती दिसली की आपण तिला कारण विचारत नाही. ते ठाऊकच असते. परंतु अतिपरिचयाचा एक तोटा असतो. ज्याची सवय झाली, त्याकडे माणूस निरखून पाहणे सोडून देतो. मधुमेहाच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. लहान वयात झाला तर जन्मभर इन्सुलिनची सुई आणि उतारवयात झाला तर गोळ्या, अशी सरधोपट विभागणी आपल्या मनात पक्की बसली आहे. 'आमच्या घराण्यातच आहे,' हे वाक्य आपण दैवाला दोष द्यावा तसे उच्चारतो आणि विषय संपवतो.

वास्तविक विषय तेथे संपत नाही, तेथे सुरू होतो. घराण्यातून येणाऱ्या मधुमेहाचे काही प्रकार असे आहेत की, ज्यांत इन्सुलिनची सुई सोडून एका जुन्या, स्वस्त गोळीवर रुग्ण उत्तम राहू शकतो. काही प्रकारांत कोणतेच औषध लागत नाही. काहींत एखादे जीवनसत्त्व उपयोगी पडते, तर काहींत सर्रास दिले जाणारे औषध टाळावे लागते. हे सारे गेल्या तीन दशकांच्या संशोधनाने सिद्ध झाले आहे. प्रश्न एवढाच उरतो की, हे ज्ञान आपल्या तालुक्याच्या गावातील त्या कृश अंगाच्या, दिवसातून चार वेळा सुई टोचून घेणाऱ्या मुलीपर्यंत कधी पोहोचणार?

प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. कला शाखेत शिकून वृत्तपत्रात आयुष्य घालविलेला माणूस आहे. त्यामुळे हा लेख म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे. समाजाने जो प्रश्न डॉक्टरांना विचारावयास हवा, तो प्रश्न येथे मांडावयाचा आहे.

सुश्रुतांचे दोन प्रमेह

आपल्या वैद्यकपरंपरेत या विषयाची नोंद जुनी आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक सहज, म्हणजे माता-पित्यांच्या बीजदोषातून आलेला; आणि दुसरा अपथ्यातून, अयोग्य आहारविहारातून ओढवलेला. पहिल्याचा रुग्ण कृश असतो, दुसऱ्याचा स्थूल, हेही तेथे नोंदविले आहे. दोघांचे उपचार वेगळे असावेत, हा त्या विभागणीमागचा हेतू आहे. चरकसंहितेने मात्र बीजदोषातून आलेल्या प्रमेहाला असाध्य म्हटले आहे.

याचा अर्थ सुश्रुतांना जनुके ठाऊक होती, असा कोणी काढू नये. तसे म्हणणे म्हणजे त्यांच्या निरीक्षणशक्तीचा गौरव नव्हे, आपल्या आळसाला दिलेले पांघरूण होय. त्यांनी डोळ्यांनी जे पाहिले, ते प्रामाणिकपणे लिहिले आणि रोगाचे मूळ वेगळे असेल तर उपचारही वेगळा हवा, हे सूत्र हाती दिले. आधुनिक विज्ञानाने केले ते एवढेच की, ते सूत्र जनुकाच्या पातळीपर्यंत नेले. चरकांनी ज्याला असाध्य म्हटले, त्यातील काही भाग आज साध्य झाला आहे, ही गोष्ट परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांना आनंदाचीच वाटावयास हवी.

'मोडी'चे वाचन

नेहमी आढळणारा टाइप-२ मधुमेह अनेक जनुकांच्या लहानसहान प्रभावातून आणि जीवनशैलीतून घडतो. टाइप-१ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. या दोहोंहून निराळा असा तिसरा गट आहे, तो केवळ एका जनुकातील बिघाडामुळे होणाऱ्या मधुमेहाचा. लंडनच्या रॉबर्ट टॅटरसॉल यांनी १९७४ मध्ये अशा तीन कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले. मधुमेह तरुण वयात आलेला, पण सौम्य. आणि पिढी न गाळता आजोबा, वडील, मुलगा असा उतरत आलेला. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाचे स्टीफन फाजन्सही अशाच कुटुंबांचा अभ्यास करीत होते. पुढे या प्रकाराला जे इंग्रजी नाव मिळाले, त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार 'मोडी' असा होतो. मराठी वाचकाला मोडी लिपी आठवेल, आणि साम्य अगदीच गैरलागू नाही. अक्षरे डोळ्यांसमोर असतात. वाचता येणारा मात्र विरळा!

या प्रकारात माता-पित्यांपैकी एकाकडे सदोष जनुक असले, तर प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो वा मुलगी, दोघांना सारखीच. १९९२ मध्ये ग्लुकोकायनेज या जनुकाचा आणि १९९६ मध्ये 'एचएनएफ-१-अल्फा' व 'एचएनएफ-४-अल्फा' या जनुकांचा संबंध स्पष्ट झाला. आज अशी डझनाहून अधिक जनुके सांगितली जातात. परंतु बहुसंख्य रुग्ण याच तीन जनुकांशी निगडित असतात.

त्यातील एचएनएफ-१-अल्फाचा रुग्ण हा गैरसमजाचा सर्वांत मोठा बळी. सोळा-अठरा वर्षांचा सडपातळ मुलगा, रक्तशर्करा तीनशेच्या घरात. पाहणाऱ्याला टाइप-१ वाटावा, यात नवल नाही. इन्सुलिन सुरू होते. ते काम करते, म्हणून निदानाविषयी शंका येत नाही. वर्षे उलटतात. वडिलांनाही तिशीत मधुमेह झाला होता, आजीलाही होता, हे कोणी विचारत नाही. विचारलेच, तर कोणी सांगत नाही.

२००३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक्झेटर येथील प्रा. अँड्र्यू हॅटर्सली यांच्या गटाने एक छोटा, पण निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. ३६ रुग्ण, निम्म्यांना एचएनएफ-१-अल्फाचा मधुमेह, निम्म्यांना टाइप-२. सर्वांना आलटून पालटून ग्लिक्लाझाईड आणि मेटफॉर्मिन ही औषधे दिली. टाइप-२च्या रुग्णांत दोन्ही औषधांचा परिणाम जवळपास सारखा. एचएनएफ-१-अल्फाच्या रुग्णांत मात्र ग्लिक्लाझाईडचा परिणाम मेटफॉर्मिनच्या पाचपटीहून अधिक! रक्तातील साखर तीच, औषधे तीच. फरक होता तो केवळ रोगाच्या मुळात.

युद्धकाळातील गोळी आणि न मिटणारे दार

ग्लिक्लाझाईड, ग्लिबेनक्लामाईड, ग्लिमेपिराईड ही सारी सल्फोनिलयुरिया कुळातील औषधे. त्यांचा जन्म अपघाताने झाला. १९४२ मध्ये युद्धकाळातील फ्रान्समध्ये, माँपेलिए शहरात, मार्सेल जाँबाँ टायफॉईडच्या रुग्णांना एक नवे सल्फा औषध देत असताना काहींची रक्तशर्करा धोकादायकरीत्या खाली उतरली. त्यांचे सहकारी ऑगुस्त लुबातिएर यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि हे औषध स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते, हे दाखविले. पुढे दशकानुदशके ही औषधे टाइप-२च्या रुग्णांना दिली गेली. नवी, महागडी औषधे येताच ती जुनाट वाटू लागली. आणि नेमक्या त्याच वेळी त्यांचे खरे सामर्थ्य उघड झाले.

ते समजण्यासाठी बीटा पेशीचे काम थोडक्यात पाहू. या पेशीच्या भिंतीवर पोटॅशियमची सूक्ष्म दारे असतात. रक्तात साखर वाढली की पेशीत ऊर्जा निर्माण होते, त्या ऊर्जेने ही दारे मिटतात, मग कॅल्शियम आत येते आणि इन्सुलिन बाहेर पडते. ऑक्सफर्डच्या फ्रान्सिस अॅशक्रॉफ्ट यांनी १९८४ मध्ये साखरेने मिटणारे हे दार प्रयोगाने दाखविले. काही बालकांत मात्र या दाराची घडणच सदोष असते. साखर कितीही वाढो, दार मिटतच नाही. पेशी जिवंत असते, तिच्यात इन्सुलिनचा साठाही असतो. पण तो सोडण्याचा हुकूम तिला मिळत नाही. भरलेले कोठार आणि हरवलेली किल्ली, असा हा प्रकार.

अशा बालकांना जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच मधुमेह होतो. हे प्रमाण फार नाही. सुमारे एक लाख जन्मांमागे एक असे ढोबळ मानाने धरले जाते. वयाचे सहा महिने पूर्ण होण्यापूर्वी दिसलेला मधुमेह हा टाइप-१ जवळजवळ कधीच नसतो, तो एका जनुकातील बिघाडाचा असतो, हे आता सर्वमान्य आहे. २००४ मध्ये हॅटर्सली आणि अॅशक्रॉफ्ट यांच्या गटांनी अशा बालकांत 'केसीएनजे-११' या जनुकातील दोष शोधला. दाराचा दोष कळताच उत्तरही सुचले. सल्फोनिलयुरियाची गोळी या दारावर स्वतंत्रपणे बसून ते बंद करते. तिला पेशीतील ऊर्जेच्या मध्यस्थीची गरज नसते!

२००६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हा दोष असलेल्या ४९ रुग्णांना ही गोळी देण्यात आली. वये तीन महिन्यांपासून ३६ वर्षांपर्यंत. त्यांतील ४४ जणांचे इन्सुलिन पूर्णपणे बंद झाले. विशेष म्हणजे साखर पूर्वीपेक्षा अधिक चांगली आटोक्यात आली. तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी निर्देशांक ८.१ टक्क्यांवरून १२ आठवड्यांत ६.४ टक्क्यांवर उतरला. हा केवळ नव्याचा नवलाव होता काय? २०१८ मध्ये सरासरी दहा वर्षांच्या पाठपुराव्याचा अहवाल आला. ८१ रुग्णांपैकी ७५ जण तेव्हाही केवळ गोळीवर होते.

एका मातेच्या दृष्टीने याचा अर्थ काय, याची कल्पना करावी. तीन महिन्यांच्या लेकराच्या मांडीत रोज अनेकदा सुई खुपसायची, रात्री दोनदा उठून बोटातून रक्त काढायचे, साखर उतरून बाळ निपचित पडेल या धास्तीने डोळा लागू द्यायचा नाही. आणि त्याऐवजी पाण्यात खललेली गोळी! काही बालकांत याच दोषामुळे मेंदूवर परिणाम होऊन हालचाल व बोलणे मागे पडते, कारण तीच दारे मेंदूतही असतात. तेथेही या औषधाने, विशेषतः ते लवकर सुरू झाले तर, काही सुधारणा होते. म्हणजे येथे निदानाला लागलेला विलंब हा केवळ सुयांचा हिशेब नाही.

औषध नको तेथे न देणे हाही उपचार

ग्लुकोकायनेज जनुकाचा प्रकार याहून वेगळा. हे जनुक बीटा पेशीतील साखरमापकच म्हणावे असे आहे. त्यात बिघाड झाला की शरीर साखरेची पातळी थोडी वरच्या रेषेवर बांधून ठेवते. उपाशीपोटी १०० ते १४५ च्या दरम्यान साखर, जन्मापासून, आयुष्यभर. ती फारशी वाढत नाही आणि औषधाने फारशी उतरतही नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात अशा रुग्णांना तपासण्यात आले. सुमारे अर्धशतक ही किंचित वाढलेली साखर अंगात बाळगूनही डोळे, मूत्रपिंड व रक्तवाहिन्यांची गंभीर हानी त्यांच्यात नगण्य होती. गर्भारपणाची विशेष काळजी सोडली, तर अशा व्यक्तीला औषधाची गरज नसते.

तरीही कॉलेजात जाणाऱ्या अशा मुलीवर 'मधुमेही' असा शिक्का बसतो. गोळ्या सुरू होतात, त्या वाढविल्या जातात, कधी इन्सुलिनही येते. साखर काही हलत नाही आणि 'पथ्य पाळत नाहीस' म्हणून बोलणी मात्र तिलाच बसतात. रोग नसताना रोगी ठरण्याचे दुःख रोगापेक्षा कमी असते, असे कोणी समजू नये.

इतर प्रकारांचा धावता उल्लेख पुरे. पेशीतील मायटोकॉन्ड्रियाच्या दोषातून होणारा मधुमेह केवळ आईकडून उतरतो आणि सोबत बहिरेपणा आणतो. येथे मेटफॉर्मिन, म्हणजे सर्वाधिक दिले जाणारे औषध, टाळण्याचा सल्ला दिला जातो, कारण रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा धोका असतो. थायमिनच्या, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाच्या, वहनातील दोषाने मधुमेह, पंडुरोग आणि बहिरेपणा एकत्र येतात; तेथे थायमिनच्या मोठ्या मात्रेने पंडुरोग सुधारतो आणि अनेकांचे इन्सुलिन निदान काही वर्षे तरी कमी होते किंवा सुटते. हा दोष माता-पिता दोघांकडूनही यावा लागतो, म्हणून जवळच्या नात्यातील विवाहांत त्याची शक्यता वाढते. आपल्याकडे आते-मामे भावंडांच्या विवाहाची रूढी ज्या समाजांत आहे, त्यांनी हे लक्षात घ्यावे. आणि काही प्रकार असेही आहेत की, ज्यांत इन्सुलिनला पर्याय नाही. खुद्द इन्सुलिनच्या जनुकातील दोष हे त्याचे उदाहरण. तेथे सुई हीच जीवनदायिनी.

भारतीय अनुभव वेगळा का?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे वाचून प्रत्येक मधुमेही कुटुंबाने आपल्याला 'मोडी' असल्याचे ठरवू नये. भारतात टाइप-२ मधुमेह युरोपच्या मानाने दहा-दहा वर्षे आधी येतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखविले की, भारतीय माणूस वरून बारीक दिसला तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे 'तरुण, सडपातळ आणि घराण्यात मधुमेह' ही पाश्चात्त्य कसोटी आपल्याकडे लावली, तर तीत टाइप-२चेच रुग्ण मोठ्या संख्येने सापडतात. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांनी १९८५ पासून या विषयाचा पाठपुरावा केला आहे. त्यांच्या संस्थेने सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लक्षणांवरून 'मोडी' ठरविलेल्या १५२ रुग्णांच्या जनुकांची तपासणी केली, तेव्हा सर्वाधिक आढळलेला एचएनएफ-१-अल्फाचा दोषही केवळ ११ जणांत निघाला.

या आकड्याचे दोन अर्थ निघतात. नुसत्या अंदाजाने औषध बदलू नये, हा पहिला. आणि पाश्चात्त्यांच्या कसोट्या जशाच्या तशा उचलून भागणार नाही, आपल्या लोकांचा अभ्यास आपणच केला पाहिजे, हा दुसरा. ब्रिटनमध्येही, जेथे या विषयाचे माहेरघर आहे, तेथे २०१०च्या अंदाजानुसार 'मोडी'च्या ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांचे खरे निदान झालेले नव्हते. मग आपल्याकडील स्थितीची कल्पनाच केलेली बरी.

सुदैवाने तपासणीचा क्रम सरळ आहे. प्रथम घराण्याची नीट माहिती. मग 'सी-पेप्टाइड' ही रक्ततपासणी, जी शरीर स्वतःचे इन्सुलिन किती बनवते, हे सांगते. सोबत टाइप-१ची ओळख पटविणारी प्रतिपिंडे रक्तात आहेत का, ते पाहायचे. निदानाला तीन-चार वर्षे उलटून गेल्यावरही सी-पेप्टाइड चांगले असेल, प्रतिपिंडे नसतील आणि पिढ्यांची साखळी दिसत असेल, तरच जनुकतपासणीचा खर्च करायचा. सहा महिन्यांच्या आतील बालकाला मात्र ही वाट पाहण्याची गरज नाही. त्याची जनुकतपासणी ताबडतोब व्हावयास हवी.

झाकलेल्या मुठीची किंमत

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वरील सर्व क्रमात पहिली पायरी कोणती? घराण्याची माहिती. आणि आपल्याकडे नेमकी तीच गुलदस्त्यात ठेवली जाते. मुलीचे लग्न जमायचे आहे, म्हणून तिचा मधुमेह मामालाही सांगायचा नाही. मुलाला नोकरी लागायची आहे, म्हणून शेजाऱ्यांना कळू द्यायचे नाही. सुनेला लग्नानंतर इन्सुलिनची कुपी सापडते आणि दोन कुटुंबांत कायमचे वितुष्ट येते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण रोगालाही लावली आहे. परिणाम असा की, एकाच आजोबांच्या तीन नातवंडांवर तीन शहरांत तीन डॉक्टर उपचार करतात आणि तिघांपैकी कोणालाच उरलेल्या दोघांविषयी माहिती नसते. साखळी कोणाला दिसतच नाही, कारण तिच्या कड्या आपणच विखरून ठेवल्या आहेत.

ज्या समाजाला सात पिढ्यांची नावे सांगण्याचा अभिमान आहे, लग्नाच्या वेळी गोत्र आणि कुळी विचारल्याशिवाय जो पुढे जात नाही, त्याला आजोबांचा मृत्यू कशाने झाला हे सांगता येऊ नये, हे कोडे आहे. वंशावळ केवळ मिरविण्यासाठी नसते. घरातील प्रत्येक व्यक्तीला कोणता दीर्घ आजार, कोणत्या वयात झाला आणि कोणते औषध लागू पडले, एवढे एका वहीत लिहून ठेवले, तर ती वही पुढच्या पिढीला दागिन्यांहून अधिक उपयोगी पडेल.

आणि लाज कशाची? एका जनुकातील बिघाड हा चारित्र्याचा दोष नव्हे, पूर्वजन्मीचे पाप नव्हे आणि सुनेने माहेराहून आणलेला अपशकुनही नव्हे. लहान बालकांतील पोटॅशियमच्या दाराचा दोष तर बहुधा आई-वडील दोघांतही नसतो. तो त्या बाळातच नव्याने उद्भवलेला असतो. 'कोणाकडून आले?' हा सासर-माहेरचा वाद तेथे निव्वळ निरर्थक ठरतो.

सुई स्वतःहून सोडू नका

उत्साहाच्या भरात एक धोका विसरता कामा नये. टाइप-१ असलेल्या मुलाचे इन्सुलिन बंद केले, तर काही दिवसांत त्याचा जीव जाऊ शकतो. जडीबुटीच्या, चमत्काराच्या आशेने इन्सुलिन सोडून मुले गमावलेली कुटुंबे आपल्या अवतीभवती आहेत. म्हणून औषधातील बदल हा जनुकतपासणीचा स्पष्ट निष्कर्ष हाती आल्यावर आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवा. गोळी स्वस्त आहे म्हणून ती निरुपद्रवी नाही. एचएनएफ-१-अल्फाच्या रुग्णाला ती फार लागू पडते, त्यामुळे नेहमीच्या मात्रेने साखर एकदम उतरू शकते. म्हणून सुरुवात अगदी अल्प मात्रेने करावी लागते. उलट, दार न मिटणाऱ्या बालकाला वजनाच्या मानाने प्रौढांहून कितीतरी अधिक मात्रा लागते. एकच गोळी, पण दोन टोकांची मात्रा! कालांतराने काही रुग्णांना इन्सुलिनची जोड द्यावी लागते, हेही खरे.

करता येण्याजोगे

शासनाने काय करावे? केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये आनुवंशिक आजारांसाठी 'उम्मीद' हा उपक्रम आणि त्याअंतर्गत 'निदान' केंद्रे सुरू केली. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती २०२५ च्या आरंभी संशोधकांना खुली झाली. पाया घातला गेला आहे. त्यावर भिंती उभारावयास हव्यात. सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या प्रत्येक बालकाची जनुकतपासणी सरकारी खर्चाने व्हावी. अशी बालके संख्येने थोडी आहेत. खर्च तिजोरीला जाणवणारही नाही. एक्झेटरच्या प्रयोगशाळेने जगभरातील अशा बालकांची तपासणी वर्षानुवर्षे विनामूल्य केली आणि भारतातील मुलांनाही तिचा लाभ झाला. त्यांच्याविषयी कृतज्ञता असावीच. परंतु आपल्या लेकरांच्या रक्ताचा नमुना सातासमुद्रापलीकडे पाठविण्याची वेळ एवढ्या मोठ्या देशावर किती दिवस यावी? तसेच जिल्हा रुग्णालयांत सी-पेप्टाइड आणि प्रतिपिंडांची तपासणी उपलब्ध व्हावी. या गोळ्या जुन्या आहेत, त्यांवर कोणाची मक्तेदारी नाही. जन औषधी केंद्रांत त्यांचा खंड पडू नये, एवढी दक्षता पुरेशी आहे. ज्या औषधात कोणाला नफा नाही, त्याची जाहिरात कोणी करीत नाही. म्हणूनच ते काम समाजाला करावे लागते.

आणि समाजाने काय करावे? आपले असंख्य कार्यकर्ते गावोगावी, सेवावस्त्यांत आरोग्य शिबिरे भरवितात. रक्तशर्करा तपासली जाते, आकडा कागदावर लिहिला जातो आणि पुढचा क्रमांक पुकारला जातो. त्या कागदावर आणखी तीन प्रश्न छापावेत. मधुमेह कोणत्या वयात समजला? आई-वडील, आजी-आजोबा यांपैकी कोणाला होता, आणि त्यांना कोणत्या वयात झाला? घरात मधुमेहासोबत बहिरेपणा किंवा अगदी तान्ह्या वयातील मधुमेह कोणाला आहे का? यांना ना यंत्र लागते, ना पैसा. पंचविशीच्या आत मधुमेह झालेला आणि पाठोपाठच्या पिढ्यांत तो असलेला रुग्ण दिसला, तर त्याला नुसता आकडा देऊन घरी न पाठविता तज्ज्ञाकडे पोहोचविणे, एवढेच काम. शिबिरात शंभर जण तपासले, हे अहवालात लिहावयास बरे दिसते. पण त्या शंभरांतील एकाचे निदान सुधारले, तर एक अख्खे कुटुंब सुधारते. त्याची भावंडे, त्याची मुले आणि अजून न जन्मलेली नातवंडेही त्यात आली.

सुट्टीत घरची मंडळी एकत्र जमतील, तेव्हा वडीलधाऱ्यांजवळ बसून हे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून ठेवावीत. काकांना कोणते औषध चालले, आत्या कशाने गेली, आजीची साखर कोणत्या वयात वाढली, याची उत्तरे आज ज्यांच्याजवळ आहेत, ती माणसे उद्या असतीलच असे नाही.